जर्मनीत मराठी स्वयंपाकाचे सामान कसे जमवावे, आणि पोळीच्या पिठाचे काय करावे

जर्मनीत राहायला निघालेल्या मराठी कुटुंबाला दोन प्रकारचे सल्ले हमखास मिळतात. तिथे काहीच मिळत नाही, सहा महिन्यांचे सामान बॅगेत भरून न्या, असे एक जण सांगतो. आता सगळीकडे सगळे मिळते, काही नेऊ नका, असे दुसरा सांगतो. पहिल्याचे ऐकणारा विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरून तूरडाळ घेऊन येतो, आणि दुसऱ्याचे ऐकणारा पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमधले गव्हाचे पीठ आणून चामड्यासारख्या पोळ्या खातो. कुकर, पोळपाट-लाटणे आणि मिसळणाचा डबा आपण आणला आहे असे गृहीत धरून पुढचे लिहीत आहे.

दुकानांचा क्रम

नवा माणूस सर्वप्रथम भारतीय दुकान शोधतो, आणि तिथे कोथिंबिरीपासून कांद्यापर्यंत सगळे दीडपट किमतीत घेऊन येतो. हा क्रम उलटा करावा. रोजच्या भाजीपाल्याचे दुकान तुर्की असावे, महिन्याच्या वाणसामानाचे भारतीय असावे, आणि आशियाई दुकानात नारळ, चिंच, तांदळाचे पीठ अशा मोजक्या वस्तूंसाठी जावे.

तुर्की दुकान जवळजवळ प्रत्येक गावात सापडते, कारण १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला आणि त्यानंतर आलेली कुटुंबे कारखान्यांच्या लहान गावांतही स्थिरावली. तिथे कोथिंबिरीची भरघोस जुडी, भेंडी, लहान वांगी, हिरव्या मिरच्या, छोले, मसूर आणि रवा मिळतो. कोथिंबीर घेताना पान चुरडून वास घ्यावा, कारण शेजारीच ठेवलेली चपट्या पानांची पार्सली दुरून हुबेहूब तशीच दिसते. फारसे कोणी सांगत नाही अशी तिथली एक वस्तू म्हणजे लेब्लेबी, म्हणजेच त्यांचे फुटाणे. त्यांतले सोललेले पिवळे लेब्लेबी चिवड्यात आणि चटणीत डाळव्याची जागा उत्तम घेतात.

व्हिएतनामी लोकांची आशियाई दुकाने पूर्वेकडच्या शहरांत विशेष आढळतात, कारण पूर्व जर्मनीने व्हिएतनाममधून कंत्राटी कामगार आणले होते. बर्लिनच्या लिश्टेनबेर्ग भागातला डोंग शुआन बाजार हा त्याचा सर्वांत मोठा नमुना. पश्चिमेला नोर्डराइन-वेस्टफालेन राज्यात राहत असाल तर श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांची दुकाने शोधावीत. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, केळफूल आणि ओला नारळ यांसाठी त्यांच्यासारखे दुसरे ठिकाण नाही. तिथल्या हाम शहरातले कामाक्षी अम्मनचे मंदिर याच लोकांनी उभारले. हाम्बुर्गमध्ये अफगाण दुकाने भरपूर आहेत, आणि इराणी व अफगाण दुकानांत ताजी मेथी मिळण्याचा संभव भारतीय दुकानाहून अधिक असतो.

रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी दुपारपर्यंत खरेदी आटोपावी.

पोळीचे पीठ

बाकी सगळे सामान चौकशीने जमते. पीठ मात्र समजून घ्यावे लागते. या एका गोष्टीने मला सर्वाधिक छळले, आणि याच एका गोष्टीवर सर्वाधिक चुकीचे सल्ले दिले जातात.

जर्मनीत गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, ८१२, १०५० असे आकडे असतात. हा आकडा पिठाच्या बारीकपणाचा नाही. १०० ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम खनिजांची राख उरते, ते तो सांगतो. खनिजे बहुतांशी कोंड्यात असतात, म्हणून आकडा जितका मोठा तितका पिठात कोंड्याकडचा भाग अधिक. ४०५ हा आपला मैदा मानावा. ५५० हाही मैद्याच्याच जवळचा असतो, परंतु त्याला ताण अधिक असल्यामुळे पाव आणि भटुरे त्याचे चांगले होतात. १०५० मळकट रंगाचा असतो. सबंध गव्हाच्या पिठाला आकडाच नसतो. त्यावर फोलकॉर्न एवढेच लिहिलेले असते.

इथे प्रत्येक जण एकच तर्क लढवतो: आपली कणीक सबंध गव्हाची, फोलकॉर्नही सबंध गव्हाचे, तेव्हा दोन्ही एकच. हा तर्क चुकीचा आहे. आपल्या गिरणीत गहू जात्याच्या दोन दगडांमध्ये चिरडला जातो, त्या दाबाने आणि उष्णतेने पिठातल्या स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणावर फुटतात, आणि फुटलेला स्टार्च कितीतरी अधिक पाणी शोषतो. पोळी मऊ राहते ती या पाण्यामुळे. युरोपातल्या गिरण्यांत गहू पोलादी रुळांमधून टप्प्याटप्प्याने काढतात, तिथे स्टार्च तुलनेने शाबूत राहतो. शिवाय फोलकॉर्नमध्ये कोंड्याच्या जाडसर पापड्या असतात, ज्या मळलेल्या कणकेतली ताणाची जाळी ठिकठिकाणी कापतात. परिणामी कणीक कमी पाणी घेते, लाटताना कडा फाटतात, आणि तव्यावरून उतरलेली पोळी अर्ध्या तासात कडक होते. अशा पोळीवर कितीही तूप लावले तरी ती मऊ होत नाही, कारण कमतरता पाण्याची आहे, तुपाची नाही.

म्हणून पहिला पर्याय सरळ आहे: भारतीय दुकानातून जात्यावर दळलेली कणीक आणावी. तिथेही पाकीट वाचूनच घ्यावे. ब्रिटनमधून येणाऱ्या काही चपातीच्या पिठांवर 'मीडियम' असे लिहिलेले असते. ते सबंध गव्हाचे नसून पांढऱ्या पिठात थोडा कोंडा राखलेले पीठ असते. त्याच्या पोळ्या दिसायला सुरेख आणि मऊ होतात, परंतु चवीला त्या रुमाली रोटीकडे झुकतात. ज्यांना घरच्यासारखी चव हवी त्यांनी शंभर टक्के सबंध गहू असे लिहिलेलेच पाकीट घ्यावे. तारीख पाहणे आवश्यक आहे, कारण सबंध गव्हाच्या पिठात अंकुराचे तेल असते आणि ते कालांतराने खवट होते. स्वस्त पडते म्हणून दहा किलोची गोणी घेण्याचा मोह चार माणसांच्या घराने टाळावा. पीठ आणल्यावर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून मग हवाबंद डब्यात भरावे. इथल्या स्वयंपाकघरांत धान्यातल्या पतंगांचा उपद्रव सर्रास आहे, आणि एकदा त्यांनी कपाटात घर केले की महिनोन्‌महिने पाठ सोडत नाहीत.

गाव लहान असेल आणि भारतीय दुकान दोन तासांवर असेल, तर दुसरा पर्याय घ्यावा लागतो. ४०० ग्रॅम १०५० आणि १०० ग्रॅम बारीक दळलेले फोलकॉर्न एकत्र करून आपल्या चाळणीने चाळावे. वर राहिलेला जाड कोंडा टाकून न देता थाळीपिठासाठी बाजूला ठेवावा. पिठात चवीपुरते मीठ आणि चमचाभर तेल घालावे. पाणी कोमट घ्यावे, आणि ते साधारण ३०० ते ३२० मिलिलीटर लागेल. भारतातल्या ५०० ग्रॅम कणकेला याहून बरेच अधिक पाणी लागते, त्यामुळे हाताच्या सवयीने पाणी ओतू नये. कणीक प्रथम जरा चिकट वाटेल इतपतच घालावे आणि तो चिकटपणा पिठी लावून घालवू नये.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि मग पिठाला दोष देतात. ही कणीक किमान पाऊण तास झाकून ठेवलीच पाहिजे. कोंडा पाणी सावकाश पितो, आणि तो भिजल्याशिवाय त्याच्या पापड्यांची धार बोथट होत नाही. भारतात दहा मिनिटांनी पोळ्या लाटायला घेणाऱ्या हातांना हे थांबणे जड जाते, परंतु येथे तडजोड नाही. याहून सोपी रीत म्हणजे रात्री कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवणे आणि सकाळी बाहेर काढून तिचा गारवा गेल्यावर लाटणे. वरून ती किंचित काळपट दिसेल. त्याने काही बिघडत नाही.

डिंकेल नावाच्या जुन्या गव्हाचे पीठ घ्यावे असे आरोग्याची काळजी वाहणारे मित्र सांगतील. त्याची कणीक लाटायला सुखद असते, कारण ती मागे ओढली जात नाही. परंतु तिच्यात ताण कमी आणि पाणी धरून ठेवण्याची शक्तीही कमी, त्यामुळे तव्यावरून ताटात येणारी पोळी छान लागते आणि डब्यात नेलेली पोळी दुपारी तुटते. डब्यासाठी डिंकेल वापरू नये. पुरणपोळीच्या पारीसाठी ५५० आणि १०५० निम्मे-निम्मे घेऊन सैल मळावे आणि तेलात भरपूर तिंबावे. त्या कामासाठी हे मिश्रण मला आणलेल्या कणकेपेक्षाही सरस वाटते.

निम्मे अपयश तव्याचे असते, हेही सांगायला हवे. जर्मन घरांत गॅस क्वचित असतो. काचेच्या शेगडीवर आपला खोलगट तवा मधोमध एका ठिपक्यावर टेकतो आणि कडेला गारच राहतो, मग पोळी मध्ये करपते आणि काठाला कच्ची राहते. सपाट बुडाचे जड बिडाचे भांडे किंवा धिरड्यांसाठी इथे मिळणारा सपाट तवा घ्यावा, तो काचेवर घासू नये, आणि पोळी टाकण्याआधी मध्यम आचेवर पुरेसा वेळ तापू द्यावा. मंद तव्यावर पोळी भाजत नाही, वाळते. इंडक्शनवर फुलक्याची जाळी निरुपयोगी आहे. तिथे पोळी तव्यावरच सुती कापडाने हलकेच दाबून फुगवावी.

तांदळाच्या पिठाबाबत एकच इशारा पुरे. उकडीच्या मोदकांसाठी आशियाई दुकानातले साधे राइसमेल घ्यावे. क्लेबराइसमेल म्हणजे चिकट तांदळाचे पीठ असते, आणि त्याच्या उकडीला कळ्या पडत नाहीत, नुसता गोळा होतो. ज्वारी, बाजरी, नाचणीची पिठे भारतीय दुकानात मिळतात, पाकिटांवर बहुधा गुजराती नावे असतात, आणि ती जुनी असतात. जुन्या ज्वारीची भाकरी थापताना चिरते, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात घालून, झाकून, कोमट असतानाच मळावे.

डाळी, तांदूळ आणि पाणी

मसूर, छोले, राजमा तुर्की दुकानातून घ्यावेत; तूर, हरभरा डाळ, मटकी, वाल, कुळीथ भारतीय दुकानातून. तुर्की दुकानात सारी मेर्जिमेक नावाची पिवळी डाळ असते, ती तूर नाही, मसुराचीच जात आहे. सुपरमार्केटमधली पिवळी शेलएर्ब्सेन ही वाटाण्याची डाळ असते. तिचे पुरण करावे असे सुचवणाऱ्याने ते स्वतः खाल्लेले नसते. तूर संपली असेल तर आमटीला लाल मसूर कितीतरी बरा. तेल लावलेली तूरडाळ मिळाल्यास गरम पाण्याने धुऊन घ्यावी.

डाळ शिजत नाही ही तक्रार मात्र डाळीची नसते. जर्मनीत बऱ्याच भागांत नळाचे पाणी जड असते, म्युनिकमध्ये तर विशेष, आणि पाण्यातले कॅल्शियम कडधान्याची साल मऊ होऊ देत नाही. छोले आणि हरभरा डाळ भिजवतानाच चिमूटभर नाट्रोन घालावे, म्हणजे आपला खाण्याचा सोडा. कुकर इथलाच घेतला असेल तर तो शिट्ट्या वाजवत नाही. मिनिटे मोजावी लागतात.

आंबेमोहोर आणि इंद्रायणी मिळतील अशी आशा धरू नये. रोजच्या भाताला सोना मसुरी चालतो. मऊ वरणभातासाठी आशियाई दुकानात जास्मिन तांदळाची कणी मिळते, ती बासमतीपेक्षा आपल्या भाताला पुष्कळ जवळची आहे. वरणाशी बासमती खाण्याचा हट्ट मला कधी समजला नाही.

मसाले, गूळ, उपासाचे सामान

जिऱ्याला क्रॉइत्सक्युमेल म्हणतात. नुसते क्युमेल लिहिलेली बाटली कॅरवे नावाच्या वेगळ्याच बियांची असते, आणि तिने फोडणी दिली की वरणाला राय-पावाचा वास येतो. सुपरमार्केटमधली मोहरी पिवळी असते. काळी भारतीय दुकानातून आणावी. तिखट काश्मिरी घ्यावे, न मिळाल्यास गोड पापरिका आणि थोडे झणझणीत तिखट मिसळून ब्याडगीचा रंग साधता येतो. वाळलेला कढीपत्ता विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ताजा मिळाला की पाने पुसून, कोरडी करून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि तशीच तेलात टाकावीत.

गुळाला पर्याय म्हणून तपकिरी साखर सुचवली जाते. ती बहुधा शुद्ध केलेलीच साखर असते, फक्त रंग आणि किंचित मळीचा अंश असलेली. फोलरोअरत्सुकर नावाची जी साखर असते ती उसाचा रस आटवून केलेली असते, आणि सेंद्रिय मालाच्या दुकानात ती मिळते. पुरणाला, आमटीला ती चालते. चिक्कीला मात्र दुकानातला गूळच हवा. काकवीच्या ओढीने व्याकुळ झालेल्यांनी तुर्की पेकमेझ चाखून पाहावे, ते बहुधा द्राक्षाचे असते, परंतु भाकरीशी वाईट लागत नाही.

साबुदाण्यात फसगत ठरलेली. जर्मन सुपरमार्केटमधला पेर्लझागो बहुधा बटाट्याच्या स्टार्चचा असतो, आणि आशियाई दुकानातले टॅपिओकाचे बारीक मोती भिजवले की विरघळतात. त्यांची खीर होईल, खिचडी होणार नाही. खिचडीसाठी भारतीय साबुदाणाच घ्यावा. कच्चे शेंगदाणे तुर्की किंवा आशियाई दुकानात मिळतात. सुपरमार्केटमधले खारवलेले असतात, फक्त डिसेंबरच्या सुरुवातीला संत निकोलसच्या सणासाठी टरफलासकट भाजलेल्या शेंगांचे ढीग लागतात, आणि ते मीठ नसलेले असल्यामुळे कुटासाठी उत्तम.

दूधदुभते

जर्मनीत मराठी माणसाची चैन आहे ती इथे. श्रीखंडासाठी सगळे जण क्वार्क सांगतात. क्वार्क वाईट नाही, परंतु तो दुधाला विरजणाबरोबर थोडे रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे विकर, लावून करतात, त्यामुळे तो चवीला सपक आणि पोताला रवाळ असतो. तुर्की दुकानातले स्युझमे योउर्त म्हणजे टांगून पाणी काढलेले दही, म्हणजेच तयार चक्का. दहा टक्के स्निग्धांशाचे घ्यावे, चाळणीतून काढावे, पिठीसाखर, वेलदोडा, केशर घालावे. बांधून टांगण्याची गरज नाही.

तयार तूप बुटरश्माल्त्स या नावाने मिळते आणि तळणीला ते ठीक आहे. वरणभातावरच्या तुपासाठी लोणी घरीच कढवावे, आणि पाकिटावर झाउअररामबुटर लिहिलेले लोणी निवडावे. ते विरजलेल्या सायीचे असते, आपल्या ताकातून काढलेल्या लोण्याप्रमाणे, म्हणून त्याच्या तुपाला तो वास येतो. गोड सायीच्या लोण्याचे तूप स्वच्छ दिसते आणि कशाचीच चव देत नाही. पनीर करायचे असल्यास अतिउच्च तापमानाला तापवून टिकाऊ केलेले हा-मिल्श दूध घेऊ नये, ते नीट फाटत नाही.

बॅगेत काय आणावे

दगडफूल, नागकेशर आणि तिरफळ हे सुटे मिळणे दुरापास्त असल्यामुळे गोडा मसाला घरचा, तयार आणावा. तसेच कांदा-लसूण मसाला, मेतकूट, आमसुले आणि आवडीचा हिंग. पुडे फोडू नयेत आणि मसाल्यांवर नाव लिहावे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे आईने कढवून दिलेले तूप, खवा, पनीर हे कायद्याने बाहेर. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे त्यातून वगळली आहेत. म्हणून ताजा कढीपत्ता, विड्याची पाने आणि हापूसची पेटी यांवर जप्ती येऊ शकते, आणि वर दंडही होऊ शकतो. ओल्या नारळाला मुभा असली तरी त्याचे वजन वाया घालवू नये, किसलेला नारळ येथे गोठवून मिळतो.

खसखस मुळीच आणू नये. जर्मनीत ती केकमध्ये भरभरून घालतात, निळी सुपरमार्केटमध्ये आणि पांढरी भारतीय दुकानात सहज मिळते; आणि दुबई किंवा अबू धाबीला उतरून नातेवाइकांकडे दोन दिवस राहून पुढे येणाऱ्यांनी तर ती आधीच बाहेर काढावी, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे.